सरकारी वकील कुणाचा?

(९ ऑगस्ट, जागतिक आदिवासी दिनाच्या तालुका मेळाव्यात संघटनेच्या युवा कार्यकर्त्यांच्या वतीने केलेलं भाषण. बऱ्याच पाड्यांवरून मागणी आली म्हणून लिहून काढून छापत आहोत. वस्तीवर बसून एकाने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



आया-बहिणींनो, बाबांनो, आणि मागं झाडाखाली उभ्या असलेल्या पोरांनो,

आवणी उरकून, पावसातून चालत तुम्ही आलात. आज आपला दिवस आहे. नाच होईल, तारपा वाजेल, सगळं होईल. पण आम्हा पोरांना संघटनेनं सांगितलं आहे की एक विषय नीट अभ्यास करून मांडा. तो विषय आहे गोळीचा, आणि गोळीनंतर जो सरकारी वकील कोर्टात उभा राहतो त्याचा.

९ ऑगस्ट ही तारीख आपल्याला आदिवासी दिन म्हणून माहीत आहे, क्रांतिदिन म्हणूनही माहीत आहे. ह्याच तारखेला २०११ साली पुणे जिल्ह्यात मावळात पवना धरणाच्या पाइपलाइनला विरोध करणारे शेतकरी हायवेवर उतरले होते. पोलिसांनी गोळीबार केला, तीन माणसं मेली. त्यात एक बाई होती. आणि ह्याच तारखेला २०१४ साली, पार सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेत फर्ग्युसन नावाच्या गावात मायकल ब्राउन नावाचा १८ वर्षांचा पोरगा पोलिसाच्या गोळीनं मेला. काळा पोरगा. हातात बंदूक नव्हती. त्याचं प्रेत चार तास भर उन्हात रस्त्यावर पडून होतं, आणि त्याची आई पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभी होती.

कुणी म्हणेल, अमेरिकेचं आपल्याला काय? आपल्या गावात लाइट नाही, तुम्ही कुठं अमेरिकेत चाललात? तर बाबांनो, ऐका. तिथल्या काळ्या लोकांनी पुढच्या चार वर्षांत जे केलं, त्यातलं काही आपल्या कामाचं आहे आणि काही नाही. दोन्ही आम्ही सांगणार आहोत.

तिथं सरकारी वकील निवडून येतो

आधी एक गोष्ट समजून घ्या. आपल्याकडे सरपंच निवडून येतो, आमदार-खासदार निवडून येतो. सरकारी वकील निवडून येत नाही. अमेरिकेत बहुतेक सगळ्या राज्यांत जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील लोकांच्या मतानं निवडून येतो. बहुतेक ठिकाणी चार वर्षांसाठी. कुणावर खटला भरायचा, कुणावर नाही, कोणतं कलम लावायचं, हे तो ठरवतो. म्हणजे पोलिसानं माणूस मारला तर त्या पोलिसाला कोर्टात उभं करायचं की नाही, हेही त्याच्याच हातात.

आता ह्यातली गोम बघा. हा वकील रोज ज्या केसी चालवतो, त्यात साक्षीदार कोण? पोलीस. पुरावा कोण आणतो? पोलीस. निवडणुकीत पाठिंबा कोण देतो? बऱ्याचदा पोलिसांची युनियन. मग त्याच पोलिसावर खटला भरायची वेळ आली की त्याचा हात कसा उचलणार? रोज ज्याच्या बैलानं नांगर चालतो, त्याच्या बैलाला कोंडवाड्यात कोण घालणार?

आणि लोक काय करायचे? मत द्यायला जायचे, वरचा राष्ट्राध्यक्ष बघायचे, आमदार-खासदार बघायचे. सरकारी वकिलाचं नाव मतपत्रिकेवर खाली कुठंतरी असायचं. बऱ्याच ठिकाणी त्याच्यासमोर कुणी उभंच राहायचं नाही. वीस-पंचवीस वर्षं एकच माणूस खुर्चीत.

फर्ग्युसन

फर्ग्युसन ज्या सेंट लुईस जिल्ह्यात येतं, तिथला सरकारी वकील होता बॉब मॅक्कलक. १९९१ पासून खुर्चीत. त्याचा स्वतःचा बाप पोलीस होता आणि ड्युटीवर मारला गेला होता. लोक म्हणाले, ह्या केसमधून तुम्ही बाजूला व्हा, दुसरा वकील नेमा. तो झाला नाही.

तिकडे ग्रँड ज्युरी नावाची पद्धत आहे. साधी माणसं पंच म्हणून बसवतात आणि खटला भरण्याइतका पुरावा आहे का ते त्यांना विचारतात. हे सगळं बंद दाराआड चालतं. एरवी सरकारी वकील पंचांना थोडक्यात पुरावा दाखवतो आणि अमुक कलम लावा असं सांगतो. इथं त्यानं काहीच सांगितलं नाही. सगळे कागद, सगळे साक्षीदार यांचा ढीग पंचांपुढं ओतला आणि म्हणाला, तुम्हीच बघा. बारा पंच होते, नऊ गोरे, तीन काळे. २४ नोव्हेंबर २०१४ ला जाहीर झालं की पोलिसावर खटला नाही.

फर्ग्युसनमध्ये तेव्हा शंभरातली ६७ माणसं काळी होती. पोलीस पन्नासच्या वर, त्यातले काळे तीन-चार. पुढं केंद्र सरकारच्या न्याय खात्यानं चौकशी केली आणि मार्च २०१५ ला अहवाल दिला. त्यात निघालं की शंभर अटका झाल्या तर त्यातल्या ९३ काळ्यांच्या. गाडी थांबवून दंड, गवत वाढलं म्हणून दंड, दंड भरला नाही म्हणून वॉरंट. शहराची तिजोरी ह्या दंडावर चालत होती. हे ऐकून तुम्हाला काय आठवलं ते आम्हाला माहीत आहे. डोक्यावर मोळी दिसली की पावती, कुऱ्हाड दिसली की जप्ती. माणूस बघितला की दंड, ही रीत सगळीकडे एकच.

मग लोकांनी काय केलं? रस्त्यावर तर उतरलेच. पण त्याच वेळी मतदार यादी काढून बसले. एप्रिल २०१५ ला फर्ग्युसनच्या नगर परिषदेची निवडणूक होती. आधीच्या वर्षी अशा निवडणुकीत शंभरातले बाराच मत द्यायला आले होते. ह्या वेळी तीसच्या आसपास आले. सहा जणांच्या परिषदेत एक काळा सभासद होता, ते तीन झाले. त्या नव्यांत वेस्ली बेल नावाचा वकील होता. तीन वर्षांनी, ७ ऑगस्ट २०१८ ला, ह्याच वेस्ली बेलनं २७ वर्षं बसलेल्या मॅक्कलकला पाडलं. मायकल ब्राउनच्या मरणाला चार वर्षं व्हायला दोन दिवस कमी होते.

शिकागो आणि क्लीव्हलंड

शिकागोचं आणखी बघा. २० ऑक्टोबर २०१४ ला लाक्वान मॅक्डोनाल्ड नावाच्या १७ वर्षांच्या काळ्या पोराला पोलिसानं १६ गोळ्या मारल्या. पोलीस म्हणाले, पोरगा चाकू घेऊन अंगावर आला. पण पोलिसांच्याच गाडीवर कॅमेरा होता. ते चित्रण सरकारनं दाबून ठेवलं. पोराच्या घरच्यांना शहरानं ५० लाख डॉलर दिले, चित्रण मात्र बाहेर येऊ दिलं नाही. शेवटी एक पत्रकार कोर्टात गेला, न्यायाधीशानं हुकूम केला, आणि २४ नोव्हेंबर २०१५ ला चित्रण बाहेर आलं. लोकांनी डोळ्यांनी बघितलं, पोरगा पोलिसांपासून लांब चालला होता. पडल्यावरही गोळ्या चालूच होत्या.

त्याच दिवशी तिथली सरकारी वकील अनिता अल्वारेझ हिनं त्या पोलिसावर खुनाचा गुन्हा दाखल केला. म्हणजे १३ महिने गप्प, आणि चित्रण बाहेर येणार म्हटल्यावर त्याच दिवशी खटला. लोकांनी विचारलं, पुरावा तर १३ महिन्यांपूर्वीचाच आहे, मग आज काय नवीन सापडलं? ह्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

शिकागोतल्या काळ्या पोरा-पोरींनी, आमच्याच वयाच्या, एक मोहीम काढली. नाव दिलं ‘बाय अनिता’. म्हणजे अनिताबाई, आता रामराम. तिच्या कार्यक्रमाला जाऊन उभे राहायचे. ‘सोळा गोळ्या आणि झाकपाक’ अशी घोषणा द्यायचे. घरोघरी जाऊन सांगायचे की मतपत्रिकेवर खाली एक नाव आहे, ते वाचल्याशिवाय येऊ नका. आणि महत्त्वाचं म्हणजे, तिच्याविरुद्ध किम फॉक्स नावाची काळी वकील बाई उभी होती, तरी ह्या मोहिमेनं तिला पाठिंबा जाहीर केला नाही. आम्ही हिला पाडायला आलोय, तिला खांद्यावर घ्यायला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

१५ मार्च २०१६ ला पक्षाच्या आतली निवडणूक झाली. त्या जिल्ह्यात एकाच पक्षाचं जोर आहे, म्हणून पक्षाच्या आत जो जिंकला तोच पुढं निवडून येतो. अल्वारेझला शंभरातली तीससुद्धा मतं पडली नाहीत. फॉक्सला ५८ पडली.

त्याच दिवशी, त्याच तारखेला, क्लीव्हलंड शहरातही एक सरकारी वकील पडला. तिथं २२ नोव्हेंबर २०१४ ला तामिर राइस नावाचा १२ वर्षांचा पोरगा बागेत खेळण्यातली बंदूक घेऊन खेळत होता. कुणीतरी पोलिसांना फोन केला आणि सांगितलंही की बंदूक बहुतेक खोटी आहे. ते पुढं गाडीतल्या पोलिसांना सांगितलंच गेलं नाही. गाडी आली आणि दोन सेकंदांच्या आत पोराला गोळी लागली. बारा वर्षांचा पोरगा. आपल्या आश्रमशाळेत सहावीत असता. सरकारी वकील टिमोथी मॅकगिन्टी यानं पंचांना सांगितलं की खटला भरू नका. डिसेंबर २०१५ ला तसंच झालं. मार्चमध्ये लोकांनी त्याला घरी बसवलं.

जिंकल्यावर काय झालं, तेही ऐका

इथवर ऐकून टाळ्या वाजवाव्या वाटतात. पण आम्ही अर्धी गोष्ट सांगून तुम्हाला घरी पाठवणार नाही.

क्लीव्हलंडमध्ये नवीन वकील आला, पण तामिरची केस परत उघडली नाही. त्या पोलिसाला नंतर नोकरीवरून काढलं, तेही भरतीच्या अर्जात खोटं लिहिलं म्हणून. गोळीबद्दल त्याच्यावर कधीच खटला झाला नाही.

फर्ग्युसनमध्ये वेस्ली बेलनं फाइल परत उघडली, पाच महिने तपासली, आणि जुलै २०२० ला सांगितलं की खून कोर्टात सिद्ध होईल इतका पुरावा नाही. केंद्र सरकारच्या चौकशीतही आधी तसंच निघालं होतं. म्हणजे ज्याला निवडून दिला त्यानंही खटला भरला नाही. पण एक फरक होता. त्यानं बाजूला पडलेला कागद परत बघितला, उत्तर दिलं, आणि त्याच्यावर कुणी ‘हा पोलिसांचाच माणूस’ म्हणू शकलं नाही. आपली मागणीसुद्धा प्रत्येक पोलिसाला फासावर द्या अशी नाही. आपली मागणी आहे की गोळी चालली तर उघड्या कोर्टात, निःपक्ष माणसासमोर, हिशोब झाला पाहिजे. तो हिशोब बंद दाराआड, पोलिसांच्या मित्रानं करू नये.

शिकागोत मात्र खटला उभा राहिला. तोही फॉक्सच्या ऑफिसनं नाही, बाहेरच्या जिल्ह्यातून नेमलेल्या खास सरकारी वकिलानं चालवला. ऑक्टोबर २०१८ ला पोलीस दोषी ठरला. शिक्षा किती? पावणेसात वर्षं. साडेतीन वर्षांच्या आत बाहेर आला. खोटे रिपोर्ट लिहिल्याचा आरोप असलेले तीन पोलीस निर्दोष सुटले.

म्हणजे तीन ठिकाणी तीन खुर्च्या गेल्या, आणि तीन पोरांपैकी एकाच्याच केसमध्ये शिक्षा झाली. मतानं खुर्ची हलते. खटला आपोआप उभा राहत नाही.

मग काहीच मिळालं नाही का? मिळालं. फॉक्सच्या काळात, नोव्हेंबर २०१७ ला, एका पोलीस सार्जंटनं खोटा माल घालून अडकवलेल्या १५ माणसांच्या शिक्षा एका दिवसात रद्द झाल्या. बेलनं किरकोळ गांजाच्या केसी भरणं थांबवलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या सरकारी वकिलांना कळलं की ही फाइल कपाटात ठेवली तर लोक विसरत नाहीत.

आपल्याकडे काय?

आता घरी येऊ. सरकारी वकील आपल्याला दोन रूपांत भेटतो. फॉरेस्टची केस असली, प्लॉट नांगरला म्हणून अतिक्रमणाची केस असली, तर तो आपल्यासमोर उभा असतो. आपण आरोपी. आणि आपल्या माणसाला मारहाण झाली, आपल्या बाईवर अत्याचार झाला, आपल्यावर गोळी चालली, तर तोच सरकारी वकील आपल्या बाजूनं उभा राहायचा असतो. समोर असताना त्याला सगळे कागद तोंडपाठ असतात. बाजूनं असताना आपल्या साक्षीदाराचं नावसुद्धा तो कोर्टाच्या दारात विचारतो. हा अनुभव इथं बसलेल्या कितीतरी जणांचा आहे. मजुरी बुडवून, पहाटेची गाडी पकडून जायचं, दिवसभर जिन्यावर बसायचं, आणि संध्याकाळी ऐकायचं, पुढची तारीख.

त्याची नेमणूक कशी होते? तालुक्याच्या कोर्टातले सहायक सरकारी वकील परीक्षा देऊन भरती होतात. जिल्ह्याच्या सत्र न्यायालयातल्या सरकारी वकिलांची यादी कलेक्टरकडे बनते आणि राज्य सरकार नेमणूक करतं. कुठंही आपलं मत नाही.

पोलिसांवर खटला भरायचा तर आणखी एक कुलूप आहे. सरकारी माणसानं ड्युटीवर केलेल्या कामाबद्दल खटला भरायला आधी सरकारची परवानगी लागते. जुन्या कायद्यात ते कलम १९७ होतं. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात ते कलम २१८ आहे.

हे कुलूप कसं असतं ते छत्तीसगडमध्ये बघा. जून २०१२ ला विजापूर जिल्ह्यात सारकेगुडा इथं रात्री बीज पंडुमची, म्हणजे पेरणीच्या सणाची, बैठक चालू होती. सुरक्षा दलांनी गोळीबार केला, १७ आदिवासी मेले. त्यात शाळकरी पोरं होती. सरकार म्हणालं, नक्षलवादी मारले. निवृत्त न्यायाधीशांचा आयोग बसला. सात वर्षांनी, २०१९ ला, अहवाल बाहेर आला की मेलेली माणसं नक्षलवादी असल्याचा पुरावा नाही आणि गावकऱ्यांनी गोळी चालवली नव्हती. आयोगानं खरं सांगितलं. पण आयोग खटला भरत नाही. खटला भरायला कुणीतरी सरकारी माणूस पुढं यावा लागतो, आणि त्या माणसाला हलवायला लोकांच्या हातात मत नाही.

मग आपणही निवडणूक मागायची का?

आमच्या अभ्यासगटात ह्यावर दोन रात्री वाद झाला. काही जण म्हणाले, आपणही मागणी करू की सरकारी वकील निवडून द्यायचा. शेवटी आमचं मत वेगळं पडलं. कारण सांगतो.

महाराष्ट्रात आदिवासी शंभरात साडेनऊसुद्धा नाहीत. बिगरआदिवासी मतांवर निवडून येणारा वकील आपल्यासाठी पोलिसांशी वैर घेईल का? अमेरिकेतही वर्षानुवर्षं हेच झालं. जास्त माणसं तुरुंगात टाकतो तोच चांगला वकील, असं सांगून ते निवडून यायचे, आणि तुरुंगात जायचे काळेच. आपल्याकडे उद्या कुणी ‘जंगलतोड्यांना आत टाकतो’ म्हणून मत मागेल, आणि आत जाणार आपण. शिवाय पैसा, दारू, मटण, हे आपल्या निवडणुकीत काय करतं ते सांगायला नको.

म्हणून त्यांची निवडणूक उचलून आणायची नाही. त्यांचं काम उचलून आणायचं. त्यांनी चार गोष्टी केल्या. वकिलाचं नाव पाठ केलं. तारखा मोजल्या, १३ महिने म्हणजे १३ महिने. पुरावा धरून ठेवला. आणि उमेदवाराच्या मांडीवर बसले नाहीत. ह्यातल्या एकाही गोष्टीला सरकारची परवानगी लागत नाही.

आणि आपल्याला वाटतो तितका कायदा रिकामा नाही. हे नीट ऐका, शिकलेल्या पोरांनी लिहून घ्या.

एक. अ‍ॅट्रॉसिटीची केस असेल तर त्या कायद्याचे १९९५ चे नियम आहेत. नियम ४ सांगतो की खास सरकारी वकिलांचं काम कसं चाललंय ते कलेक्टरनं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, तपासायचं आणि सरकारला अहवाल द्यायचा. काम नीट करत नसेल तर त्याचं नाव काढता येतं. आणि पीडितानं मागणी केली तर कलेक्टर चांगला ज्येष्ठ वकील नेमू शकतो. म्हणजे मत नसलं तरी वर्षातून दोन वेळा सरकारी वकिलाचा निकाल लागायची सोय कागदावर आहे. आपण कधी जाऊन सांगतच नाही की हा नापास आहे.

दोन. त्याच नियमांत नियम ११ आहे. पीडिताला आणि साक्षीदाराला कोर्टात यायचं भाडं आणि किमान वेतनाइतकी मजुरी मिळायला पाहिजे. ती कुणाची मेहेरबानी नाही.

तीन. कोणत्याही फौजदारी केसमध्ये पीडिताला सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो, कोर्टाच्या परवानगीनं. नवीन संहितेचं कलम १८. आदिवासीला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

चार. सरकारला खटला मागं घ्यायचा असेल तर आता पीडिताचं ऐकून घेतल्याशिवाय कोर्ट परवानगी देऊ शकत नाही, कलम ३६०. आरोपी सुटला तर पीडित स्वतः अपील करू शकतो, कलम ४१३. आणि ते कुलूप, कलम २१८, त्यालाही मुदत घातली आहे. सरकारनं १२० दिवसांत परवानगीचा निर्णय दिला नाही, तर परवानगी दिली असं धरलं जातं. हे १२० दिवस कुणी मोजायचे? आपणच.

पाच. पोलीस चकमकीत माणूस मेला तर काय करायचं ह्याचे नियम सुप्रीम कोर्टानं २३ सप्टेंबर २०१४ ला घालून दिले आहेत. ती केस आपल्याच महाराष्ट्रातली, मुंबईतल्या चकमकींची होती. एफआयआर झालाच पाहिजे. तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या टीमनं केला पाहिजे. मॅजिस्ट्रेटची चौकशी झाली पाहिजे. नातेवाइकांना लवकरात लवकर कळवलं पाहिजे. ज्या ठाण्याची गोळी, त्याच ठाण्याचा तपास, हे चालणार नाही.

तर काय करायचं

ह्या मेळाव्यासमोर आम्ही काही ठराव ठेवतो. हात वर करून मंजूर करायचे, आणि हात वर केला त्यानं कामाला लागायचं.

पहिला. प्रत्येक गावात एक कोर्ट-वही. शंभर पानी, दुकानात मिळते ती. त्यात केसचा नंबर, तारीख, सरकारी वकिलाचं नाव, तो आला होता का, साक्षीदाराशी आधी बोलला का, केस पुढं का ढकलली. दोन ओळी, पण प्रत्येक तारखेला. लिहायचं काम बारावी झालेल्या पोरा-पोरींनी करायचं. ज्यांचं कोर्टात काही नाही त्यांनीही सोबत जायचं. आपली आजी साक्षीला उभी असते तेव्हा मागं दहा माणसं बसलेली असली की वकीलही नीट विचारतो, साहेबही नीट ऐकतात.

दुसरा. जुलै सरला. जुलैचा आढावा झाला का, ह्याची नक्कल माहितीच्या अधिकारात ह्याच महिन्यात मागायची. झाला नसेल तर तेही लेखी येऊ द्या. आणि डिसेंबरात, भात झोडून झालं की, सगळ्या गावांच्या वह्या एकत्र करून कलेक्टरला निवेदन द्यायचं, जानेवारीच्या आढाव्याआधी. ग्रामसभेच्या ठरावासकट.

तिसरा. अशा प्रकरणांवर लक्ष ठेवायला जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते. तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. तिच्यात आपल्या बाजूचं कोण बसतं, तो शेवटचा कधी बोलला, ते विचारायचं.

चौथा. पुरावा. कुठं मारहाण झाली, गोळी चालली, तर मोबाइलवर जे निघालं असेल ते त्याच दिवशी दुसऱ्या गावातल्या दोन माणसांकडं पाठवायचं. मोबाइल जप्त होतो, फुटतो. शिकागोचं चित्रण १३ महिने दाबलं तरी ते कुठंतरी शिल्लक होतं, म्हणून खटला उभा राहिला.

पाचवा. मताचा. सरकारी वकिलाला आपलं मत नसलं तरी त्याला नेमणाऱ्या सरकारला आपलं मत आहे. विधानसभेत २८८ पैकी २५ आमदार आदिवासींच्या राखीव जागांवरून जातात. पुढच्या निवडणुकीत जो पाड्यावर येईल, कोणत्याही पक्षाचा, त्याला चहा द्या आणि एकच विचारा. आमच्या जिल्ह्यात अ‍ॅट्रॉसिटीच्या किती केसींत आरोपी सुटले, आणि त्याबद्दल तुम्ही सभागृहात कधी प्रश्न विचारला? जुना आमदार असेल तर तारीख सांगू द्या. नवा असेल तर कागदावर सही करू द्या. रस्ता देतो, समाजमंदिर देतो म्हणाला तर म्हणायचं, ते द्याच, पण आधी ह्याचं उत्तर द्या. आणि उत्तर चांगलं दिलं म्हणून त्याचा झेंडा संघटनेच्या खांद्यावर घ्यायचा नाही.

बाबांनो, ह्या कामाला वेळ लागतो. फर्ग्युसनच्या लोकांना चार वर्षं लागली, आणि त्यातही सगळं मिळालं नाही. वनहक्काच्या दाव्यासाठी आपण किती वर्षं तलाठी, प्रांत, कलेक्टर करत फिरलो ते आठवा. जीपीएस मोजणी, हरकती, अपील. जमीन कसतो ह्याचा पुरावा आपण गोळा केला, तसाच हा पुरावा गोळा करायचा. आपला माणूस मेला किंवा मार खाल्ला, आणि तारखेमागून तारीख पडली, तर ती प्रत्येक तारीख आपल्या वहीत लिहिलेली पाहिजे. सरकारी वकिलाला कळलं पाहिजे की त्याच्या पगारावर सही सरकारची असली तरी त्याचं नाव आपल्या पाड्यांवर पाठ आहे.

ठराव मंजूर असतील तर हात वर करा. आणि वही कोण लिहिणार, त्याचं नाव आजच्या आज, जेवायला बसायच्या आत, आमच्याकडे द्या.

जोहार! एकजुटीचा विजय असो!